कळलं त्याच दिवशी सांगा: बांधकामाच्या साइटवरची नाती कशी सांभाळावीत

सळई उशिरा आली म्हणून साइटवर कुणी कुणाशी बोलणं टाकत नाही. सळई उशिरा येणार हे समोरच्याला आठ दिवस आधीपासून माहीत होतं आणि त्याने सांगितलं नाही, हे उघड झालं की मात्र बोलणं तुटतं.

मी बिलिंगमधून पुढे साइट सांभाळायला आले. बिलिंगच्या टेबलावर बसणाऱ्याला कामाचं शेवटचं टोक दिसतं. अंतिम बिलात जी भांडणं वर येतात, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी कुणीतरी वेळेवर न सांगितलेली एखादी गोष्ट असते. तोंडी दिलेला बदल, न मोजता बुजवलेलं खोदकाम, सहीशिवाय झालेलं जादा काम. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे: एखादी गोष्ट आपल्याला कळणं आणि ती संबंधित माणसाला सांगणं, यांतला वेळ जितका कमी तितकी साइटवरची माणसं एकमेकांशी नीट वागतात. हा वेळ कसा कमी करायचा, तेवढंच इथे लिहिते आहे.

काम सुरू होण्याआधी

पहिल्या आठवड्यात एक तक्ता करा. कोणता प्रश्न कुणाला विचारायचा, उत्तर कोण देणार, किती दिवसांत देणार, आणि तो माणूस रजेवर असेल तर त्याच्या जागी कोण. ड्रॉइंगमधली शंका, साहित्याचा नमुना मंजूर करणं, मापातला बदल, जादा कामाचा दर, कामबंदीचा निर्णय, या प्रत्येकाला एकेक नाव लागतं. हा तक्ता मालक, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, मुख्य ठेकेदार आणि सगळे उपठेकेदार यांना एकत्र बसवून भरा. ज्याच्या हातात निर्णय नाही त्याने "हो, करा" म्हणायचं नाही, हे त्याच बैठकीत स्पष्ट होऊ द्या. साइटवर फेरी मारताना एखादा सल्लागार सहज काही बोलून जातो आणि संध्याकाळपर्यंत भिंत पाडलेली असते, असं अनेक ठिकाणी घडतं.

दुसरं, कामाच्या सीमा. करारात मोठ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. भांडण होतं ते लहान गोष्टींवरून. इलेक्ट्रिशियनने भिंतीला झिऱ्या (वायरीसाठीच्या खाचा) मारल्या, त्या बुजवायच्या कुणी? प्लास्टरवाल्याने बांधलेली परांची रंगवाल्यासाठी ठेवायची का, आणि ठेवली तर तिची जबाबदारी कुणाची? राडारोडा मजल्यावरून खाली कोण आणणार, खालून बाहेर कोण नेणार? टाइल लावून झाल्यावर तिच्यावर संरक्षणाचं आच्छादन कुणाचं? पाणी, वीज, लिफ्टची पाळी? हे प्रश्न त्या दिवशी किरकोळ वाटतात, म्हणून विचारायचे राहून जातात. मी ते मुद्दाम विचारते आणि उत्तर वर्क ऑर्डरमध्ये घालते. एकेका ओळीचं काम आहे.

तिसरं, ड्रॉइंग. प्रत्यक्ष कामासाठी मंजूर असा शिक्का नसलेला कागद साइटवर फिरू देऊ नका. नवी सुधारित प्रत आली की जुनी प्रत मुकादमाच्या हातातून, सेंट्रिंगवाल्याच्या (काँक्रीटचा साचा उभारणाऱ्याच्या) खिशातून आणि फोनमधूनही काढून घ्या. नुसती नवी प्रत पाठवून काम होत नाही. काय बदललं ते ढगासारख्या रेघेने घेरलेलं असतं, तो भाग फोरमनला समोर बसवून दाखवा आणि नोंदवहीत त्याची सही घ्या. एका इमारतीत टॉयलेटच्या सनकन स्लॅबची (पाइपांसाठी खाली घेतलेल्या स्लॅबची) जागा सुधारित ड्रॉइंगमध्ये सरकली होती. नवी प्रत ऑफिसात पोचली होती, सेंट्रिंगवाल्यापर्यंत नव्हती. स्लॅब ओतल्यावर प्लंबरच्या लक्षात आलं. चूक एका कागदाची होती, पण त्यानंतर कित्येक महिने सेंट्रिंग आणि प्लंबिंगची माणसं एकमेकांच्या कामात खोट काढत राहिली. तोडफोडीचा खर्च एकदाच झाला, या कटुतेचा खर्च मात्र पुढच्या प्रत्येक मजल्यावर होत गेला.

वाईट बातमी सांगण्याची रीत

वाईट बातमी सांगताना चार गोष्टी सांगा: काय झालं, त्याने काय अडेल, आम्ही काय करतो आहोत, आणि तुमच्याकडून काय हवं व कधीपर्यंत. क्रम हाच ठेवा. कारणमीमांसा आणि दोष कुणाचा, हे या निरोपात आणू नका. त्यासाठी नंतर वेळ मिळतो. नमुना असा:

"चौथ्या मजल्याच्या खिडक्यांच्या फ्रेम ठरल्यापेक्षा दहा दिवस उशिरा येतील, असं पुरवठादाराने आज दुपारी कळवलं. त्यामुळे त्या मजल्याचं बाहेरचं प्लास्टर अडेल. आतलं अडणार नाही. प्लास्टरची टोळी आम्ही उद्यापासून जिन्याच्या भागात वळवतो आहोत. जिन्याच्या रेलिंगचं माप गुरुवारपर्यंत मंजूर करून द्यावं, म्हणजे ती टोळी रिकामी बसणार नाही."

आधी फोन करा, मग हेच लिहून पाठवा. फक्त लेखी पाठवलं तर समोरच्याला वाटतं हा पुरावा जमवतोय. फक्त फोन केला तर महिन्याभराने दोघांना दोन वेगळ्या गोष्टी आठवतात. दोन्ही केलं की लेखी निरोप बोलण्याची आठवण म्हणून वाचला जातो.

लेखी कळवणं म्हणजे भांडण उकरणं, ही समजूत साइटवर खोल रुजलेली आहे आणि तिने फार नुकसान केलं आहे. नोटिशीचं पत्र गेलं की समोरचा रागावतो, म्हणून ठेकेदार पत्र लिहायचं टाळतो, मुदत उलटते, मग त्याचा रास्त हक्क बुडतो आणि नातंही जातं. आंतरराष्ट्रीय कामांत वापरल्या जाणाऱ्या, फिडिक या सल्लागार इंजिनिअरांच्या महासंघाच्या 1999 च्या करारनमुन्यात कलम 20.1 सांगतं, की मुदतवाढ किंवा जादा पैसे हवे असतील तर ज्या घटनेमुळे ते हवेत ती कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, 28 दिवसांच्या आत ठेकेदाराने नोटीस द्यायची. दिली नाही तर त्या मागणीचा हक्क संपतो. 2017 च्या आवृत्तीत हे 28 दिवसांचं बंधन मालकाच्या मागण्यांनाही लागू केलं. एनईसी हा ब्रिटनमधला 1993 पासूनचा करारनमुना आणखी पुढे जातो. किंमत वाढवू शकेल, काम लांबवू शकेल अशी कोणतीही गोष्ट कळताच ठेकेदार आणि प्रकल्प व्यवस्थापक दोघांनीही एकमेकांना आगाऊ इशारा द्यायचा. ठेकेदाराने तो देणं अपेक्षित असूनही दिला नाही, तर इशारा दिला असता तर जेवढा खर्च आला असता तेवढाच धरता येतो. म्हणजे गप्प बसण्याची किंमत करारातच लिहिलेली आहे. तुमच्या करारातली मुदत किती दिवसांची आहे ते आजच काढून बघा आणि ती साइट ऑफिसच्या भिंतीवर लावा. पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर सांगा: आमच्याकडून नोटीस आली तर ती मुदतीमुळे आहे, रागाने नाही. एवढं एक वाक्य आधी बोललं की पुढची पत्रं शांतपणे घेतली जातात.

ही रीत टिकण्याची एक अट आहे, आणि ती वरच्या खुर्चीतल्या माणसाने पाळायची आहे. बातमी घेऊन आलेल्या माणसावर ओरडायचं नाही. एकदा ओरडलात की पुढची बातमी तुम्हाला सगळ्यात शेवटी कळणार. आधी "बरं केलंत सांगितलंत" म्हणा, मग पुढे काय करायचं ते विचारा. जाब विचारायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी, दार लावून. मजुरांसमोर मुकादमाला बोललात तर त्याचा त्याच्या टोळीवरचा शब्द जातो, आणि तो शब्द गेलेला मुकादम तुमच्याही कामाचा राहत नाही.

आठवड्याची बैठक

ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेगरी हॉवेल यांनी 1990 च्या दशकात साइटच्या नियोजनाची एक पद्धत मांडली, लास्ट प्लॅनर म्हणून ती ओळखली जाते. तिच्यातलं मला पटलेलं सूत्र असं: पुढच्या आठवड्यात काय होणार हे काम प्रत्यक्ष करवून घेणाऱ्याने सांगायचं, आणि आठवडा संपल्यावर दिलेल्या शब्दांपैकी किती पाळले गेले ते मोजायचं. त्यांनी मोजायला घेतलं तेव्हा आठवड्याच्या नियोजनातली साधारण निम्मीच कामं ठरल्याप्रमाणे होत असल्याचं दिसलं. अनुभवी माणसांच्या साइटवरसुद्धा. त्यामुळे आपल्याकडे निम्मी कामं हुकली तर माणसं वाईट आहेत असा निष्कर्ष काढू नका. ती कामं सुरू होण्याजोगी होती का, ते आधी बघा.

हे बघायला मी प्रत्येक कामाला ठराविक प्रश्न लावते. ड्रॉइंग मंजूर आहे का? साहित्य आवारात आहे का, की "निघालं आहे"? माणसं किती? आधीच्या ठेकेदाराने जागा मोकळी केली का? यंत्र, परवानगी, तपासणीची वेळ? यांतलं एकही अडलेलं असेल तर ते काम आठवड्याच्या यादीत घेत नाही. अडचण दूर करणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहिते. फोरमनला "नाही, मंगळवारी होणार नाही" म्हणायची मोकळीक द्या. नाही म्हणायची सोय नसलेल्या माणसाचा होकार निरुपयोगी असतो, कारण त्याच्या भरवशावर तुम्ही पुढच्या तीन ठेकेदारांना बोलावता आणि ते तिघंही रिकाम्या हाताने परत जातात.

न झालेल्या कामापुढे कारण लिहा, माणसाचं नाव नको. काही आठवड्यांनी कारणं मोजली की खरी दुखणी दिसतात. एकाच कारणाची रांग लागलेली असते: तपासणीला कुणी वेळेवर आलं नाही, किंवा नमुना मंजूर होऊन आला नाही. ही आकडेवारी दंडासाठी वापरू नका. वापरलीत तर पुढच्या आठवड्यापासून सगळे सोपीच कामं कबूल करतील.

बैठकीचं टिपण त्याच संध्याकाळी पाठवा. दोन दिवसांनी पाठवलेल्या टिपणावर वाद होतो.

काँक्रीटचा दिवस

साइटवरची सगळी नाती एकाच दिवशी ताणली जाण्याचा दिवस म्हणजे स्लॅबचा दिवस. सेंट्रिंग, फिटर (सळई बांधणारा), इलेक्ट्रिशियन, प्लंबर, पंपवाला, प्रयोगशाळेचा माणूस, सल्लागार, सगळे एका फळीवर उभे असतात आणि गाडीतलं काँक्रीट कुणासाठी थांबत नाही. इथे तंटा टाळायचा तर तो आदल्या दिवशी टाळावा लागतो.

आदल्या दुपारी सगळ्यांनी मिळून स्लॅबवर फेरी मारायची आणि पोअर कार्डावर (काँक्रीट ओतण्याआधीच्या तपासणीच्या कागदावर) प्रत्येकाने आपापल्या ओळीसमोर सही करायची. सेंट्रिंगच्या टेकूंची आणि पातळीची एक ओळ, सळईचा व्यास, अंतर, कव्हर ब्लॉक आणि चेअरची (सळई जागेवर धरणाऱ्या आधारांची) एक, कन्ड्युटची (वायरीच्या नळ्यांची) एक, प्लंबिंगच्या स्लीव्हची (पाइप जाण्यासाठी ठेवलेल्या नळीची) एक. सही न झालेली ओळ असेल तर गाड्यांची ऑर्डर पक्की करायची नाही. माझ्या साइटवर यात सूट नाही, आणि मालकाचा फोन आला तरी नाही, कारण एकदा सूट दिली की पुढच्या वेळी सही केवळ रीत म्हणून होते.

प्लंबरची स्लीव्ह बसत नाही म्हणून सळई कापली जाते, ही जुनी खोड आहे. फिटरने बांधलेली सळई दुसऱ्याने रात्री कापली की सकाळी हातघाईवर येतं. माझ्याकडे नियम असा: सळईला हात लावायचा तो फक्त फिटरने, आणि तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी जागा दाखवल्यावर. स्लीव्ह बसत नसेल तर प्लंबरने फोटो काढून त्याच तासाला पाठवायचा. इंजिनिअरने उत्तर किती वेळात द्यायचं हे पहिल्या आठवड्याच्या तक्त्यात लिहिलेलंच आहे.

गाडीवर पाणी ओतण्यावरूनही ठिणगी पडते. पंपवाल्याला मिश्रण घट्ट वाटतं, चालक पाइप सोडतो, गुणवत्तेचा इंजिनिअर धावत येतो. पाणी वाढलं की मजबुती घटते हे सगळ्यांना माहीत असतं. त्या क्षणी काय करायचं ते माहीत नसतं. म्हणून आधीच ठरवा: स्लम्प (मिश्रणाच्या पातळपणाचं माप) कमी आला तर पुरवठादाराच्या तंत्रज्ञाला बोलवायचं, त्याने ठरलेल्या मर्यादेत अॅडमिक्स्चर (मिश्रण सैल करणारं रसायन) टाकायचं, आणि तरीही जमलं नाही तर गाडी परत. गाडी परत पाठवायचा अधिकार कुणाचा, हेही त्याच कागदावर.

क्यूबचा, म्हणजे काँक्रीटच्या नमुन्याच्या ठोकळ्यांच्या मजबुतीचा, निकाल ही उशिरा येणाऱ्या बातमीची सगळ्यात महाग जात. 28 दिवसांचा निकाल येईपर्यंत वर आणखी मजले चढलेले असू शकतात. म्हणून 7 दिवसांचा निकाल नुसता फायलीत लावू नका. साध्या सिमेंटच्या काँक्रीटमध्ये 7 दिवसांना 28 दिवसांच्या मजबुतीच्या साधारण दोन तृतीयांश यायला हवी. बरीच कमी आली तर त्याच दिवशी पुरवठादार आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर दोघांना कळवा. 28 दिवसांनाही निकाल कमी आला तर आरोपांआधी तपासणीचा क्रम ठरवा: क्यूब नीट बनवले आणि भिजवले होते का, मग प्रत्यक्ष स्लॅबवर रिबाउंड हॅमर (काँक्रीट न तोडता ठोकून अंदाज घेणारं उपकरण), मग गरज असेल तर कोअर (स्लॅबमधून कापून काढलेला नमुना). कोअरची सरासरी ठरलेल्या मजबुतीच्या निदान 85 टक्के आणि एकही कोअर 75 टक्क्यांखाली नाही, हा निकष काँक्रीटच्या कामाच्या मानकांत आहे, अमेरिकेच्या एसीआय 318 मध्येही आणि भारताच्या आयएस 456 मध्येही. निकष आधी ठाऊक असला की चर्चा आकड्यावर होते, माणसावर घसरत नाही. काम तोवर थांबवायचं की नाही, हा निर्णय फक्त स्ट्रक्चरल इंजिनिअरचा.

पैसे

पैशाबद्दल मी जरा जास्त आग्रही आहे, कारण खालच्या टोकाला त्यावर मजुराचा पगार अवलंबून असतो. बिल अडलं की उपठेकेदार मजूर दुसऱ्या साइटवर हलवतो आणि आपण त्याला बेभरवशाचा ठरवतो.

झाकलं जाणारं प्रत्येक काम झाकण्याआधी दोघांनी मिळून मोजायचं आणि मोजमाप पुस्तिकेत दोघांनी सही करायची: पायाचं खोदकाम, भराव, वॉटरप्रूफिंगचे थर, जमिनीखालचे पाइप. बिलातल्या एका बाबीवर मतभेद असेल तर ती बाजूला काढा आणि उरलेलं बिल ठरल्या तारखेला द्या. एका वादग्रस्त ओळीपायी सगळं बिल अडवणं हा अन्याय आहे, आणि त्याने ती ओळ सुटतही नाही. पैसे उशिरा होणार असतील तर तारीख उलटण्याआधी सांगा, नवी तारीख द्या, आणि निदान मजुरीपुरती रक्कम आधी सोडा. "वरून पैसे आले की देतो" हे उत्तर खालच्या माणसाला पूर्ण अंधारात ठेवतं. ब्रिटनने 1996 च्या कायद्याने बांधकाम करारांतली ही अट, वरचा दिवाळखोरीत जाण्याचा अपवाद सोडला तर, निष्प्रभ ठरवली. तुमच्याकडे कायदा काहीही असो, वरून पैसे येण्याची स्थिती काय आहे ते उपठेकेदाराला दर पंधरवड्याला सांगायला कुणी अडवलेलं नाही.

जादा कामाचा दर काम करण्याआधी ठरवा. तातडीचं असेल आणि ते शक्य नसेल तर रोजच्या रोज पत्रक भरा: किती माणसं, किती तास, कोणतं यंत्र, किती साहित्य. संध्याकाळी दोन्ही बाजूंची सही. दर नंतर ठरू दे, निदान किती काम झालं यावर वाद राहत नाही.

मालकाने बदल सांगितला तर त्याला नकार देऊ नका आणि लगेच होकारही देऊ नका. दार दोन फूट सरकवायचं म्हणजे लिंटेल (दारावरची आडवी तुळई), स्विचबोर्डची जागा, टाइलची मांडणी, कधी खालच्या बीमचा संबंध, हे त्याला कुणीच समजावून सांगितलेलं नसतं. एका पानावर लिहून द्या: काय बदलेल, किती दिवस लागतील, किती खर्च येईल, आणि कोणत्या तारखेनंतर हा बदल तोडफोडीशिवाय शक्य नाही. ही शेवटची तारीख वाचल्यावर मालक झटकन निर्णय घेतात, असा माझा अनुभव आहे.

धोक्याची बातमी

सुरक्षेबद्दल थोडक्यात. परांचीवरून वीट पडली आणि कुणाला लागली नाही, तर ती नोंदवणाऱ्याचं सगळ्यांसमोर कौतुक करा. काम धोक्याचं वाटलं तर ते थांबवायचा हक्क अगदी नव्या मजुरालाही आहे, हे त्याच्या भाषेत सांगा. त्याने थांबवलं आणि धोका नव्हता असं निघालं, तरी त्याचा दिवस कापू नका.

बिनसलंच तर

कधी कधी सगळं करूनही बिनसतं. तेव्हा आधी ऑफिसात बसू नका, दोघं मिळून वादाच्या जागी जा. भिंतीसमोर उभं राहून बोलताना माणसं नेमकं बोलतात. परत आल्यावर एकाच कागदावर लिहा: यावर एकमत, यावर मतभेद, मतभेदाची रक्कम वा दिवस इतके. दोघांनी सही केलेला हा कागद घेऊन वरच्या पातळीवर जा. दोन वेगळी पत्रं गेली तर वरचे दोन साहेब आपापल्या माणसाची बाजू घेतात. एकच कागद गेला तर ते प्रश्न सोडवायला बसतात. तिथेही सुटला नाही, आणि करारात वाद मंडळ किंवा लवाद असेल, तर तिकडे जायला संकोच करू नका. फिडिकच्या 1999 च्या नमुन्यात मंडळाने 84 दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि त्या काळात काम सुरू ठेवायचं असतं. वाद तिकडे चालू असताना साइटवरच्या दोघांनी त्याबद्दल बोलायचं नाही असं ठरवून टाका. रोजचं काम मग बरंचसं सुरळीत चालतं.

जादा कामं, मुदतवाढ आणि कपाती यांचा हिशेब दर महिन्याच्या शेवटी बंद करत चला, राहिलेल्या बाबींची यादी दोघांकडे एकच असू द्या. अंतिम बिलाच्या वेळी त्या यादीत शेवटच्या महिन्याच्या बाबी उरल्या पाहिजेत. हस्तांतराआधी दोषांची यादी मालकाबरोबर खोलीगणिक फिरून करा, प्रत्येक दोषापुढे दुरुस्त करणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा, आणि दोष-दायित्वाच्या काळात (हस्तांतरानंतर दोष ठेकेदाराने दुरुस्त करायच्या मुदतीत) गळती किंवा तडा दिसला तर फोन कुणाला करायचा, तो माणूस किती दिवसांत येऊन बघेल, हे मालकाच्या हातात लेखी द्या.